वरच्या अंगाला धरण कुठलं?

माझं घर साताऱ्याचं, सासुरवाडी सांगलीची. त्यामुळे कुठल्याही देशाच्या सिनेमाचं परीक्षण मला घरबसल्या मिळतं, तेही न मागता.

साताऱ्यात सिनेमाची गोष्ट बघायची पद्धत नाही, मागचं बघायचं. 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान देशाच्या काळजीत बुडालेला असतो आणि आमच्यातला कुणीतरी ओरडतो, "मेणवली!" पुढची दहा मिनिटं नाना फडणवीसांचा वाडा घाटाच्या कुठल्या अंगाला, यावर जातात. मेणवलीशेजारची वाई 'गंगाजल'मध्ये बिहारचं तेजपूर झाली, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशातलं लालगंज, 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये तर थेट तमिळ मुलूख. एवढ्या भाषांत काम करून एक साधं नामांकन नाही! 'दबंग'मध्ये तिचं काम सलमानपेक्षा कितीतरी संयत आहे, हे माझं प्रामाणिक मत.

सांगलीचं बघणं वेगळं. मेहुण्याला कोरियाचा 'पॅरासाइट' दाखवला. सिनेमा २०१९चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी ४५. पडद्यावर गरिबाच्या तळघरात पाणी शिरलं. जगभरच्या समीक्षकांना तिथे वर्गसंघर्ष दिसला. मेहुणा म्हणाला, "दाजी, ह्यांनी गाद्या आधी माळ्यावर टाकायला पायजे हुत्या. आणि वरच्या अंगाला धरण कुठलं?" कोयना धरण सातारा जिल्ह्यात, म्हणून असल्या प्रश्नाला तो माझ्याकडेच रोखून बघतो. जणू दरवाजे मीच उचलतो.

तासगावच्या चुलतसासऱ्यांना अमेरिकेचा 'साइडवेज' दाखवला, कारण त्यात द्राक्षबागा आहेत. दोन मित्र कॅलिफोर्नियात वाइन चाखत भटकतात, प्रेमात पडतात, रडतात. सासरे शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाले, "पाव्हणं, बाग झ्याक हाय. पण फवारणी कोण करतंय? दोघं नुसतं पीत हिंडत्यात." बेदाणा का करत नाहीत, हे त्यांना अजून कळलेलं नाही. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'त शेवटची लढाई धो धो पावसात होते. तिथे मात्र ते धास्तावून उठले. "पीक काढलंय न्हवं?" काढलंय म्हटल्यावर निवांत बसले. मग माणसं किती मेली, त्यांनी मोजलं नाही.

तेव्हा समीक्षकांना विनंती, तारे खुशाल द्या. पण सिनेमात नदी असेल तर धरणाचं नाव आणि विसर्ग किती क्युसेक, तेवढं लिहा. त्याशिवाय सांगलीत तुमचं परीक्षण कुणी वाचणार नाही.