गेलेल्या खिडकीचे यथासांग उत्तरकार्य

वळवाच्या पावसाला वेळापत्रक नसते, पण पद्धत असते. दुपारी चारपर्यंत झाडाचे पान हलत नाही. मग आभाळ एका अंगाने काळवंडते, धुळीचा लोट उठतो आणि पुढच्या पाच मिनिटांत गावातल्या पत्र्यांची, वाळत घातलेल्या कपड्यांची आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची मालकी बदलते. या धांदलीत कुठे काच फुटते, कुठे बिजागरीसकट दार निखळते आणि घरातला कर्ता माणूस उंबऱ्यात उभा राहून विचारतो, "आता हितं काय लावायचं?" प्रस्तुत मार्गदर्शिका केवळ या प्रश्नाला वाहिलेली आहे.

कार्यक्षेत्र

मार्गदर्शिकेसाठी करमाळा तालुक्यातल्या केमची निवड पूर्ण विचारांती झालेली आहे. मुंबई–सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान हे गाव येते. ग्रामदैवत उत्तरेश्वर, ख्याती कुंकवाची. अन्य गावांत खिडकी फुटली तर पाऊस आत येतो, विषय संपला. केममध्ये पाऊस आत येण्याआधी कुंकू बाहेर जाते.

हा फरक बारकाईने समजून घ्यावा. परंपरेने हळकुंडे लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवायची, सावलीत वाळवायची, कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. कुटण्याचे काम यंत्राकडे गेले, तरी माल वस्त्रगाळच लागतो. फुंकर मारली तरी उडणारा. अशा खोलीची खिडकी फुटली की पहिला थर चौकटीवर बसतो, दुसरा शेजाऱ्याच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर आणि तिसरा समोरून निघालेल्या आबांच्या पांढऱ्या टोपीवर. पाठोपाठ सर आली की भिंतीवरून लाल ओघळ उतरतात. दुसऱ्या दिवशी आलेला परगावचा पाहुणा ते ओघळ पाहतो, घरात काही अघटित घडले असावे असे समजतो आणि चहा होईपर्यंत कुजबुजत बोलतो.

विधी पहिला: काही न करणे

खिडकी गेल्यावर पहिली काही मिनिटे हात बांधून उभे राहावे. वारा सुरू असताना प्लायचा ताव दोन्ही हातांत धरून शिडीवर चढणारा गृहस्थ प्रत्यक्षात शीड उभारत असतो आणि तो कुठे उतरेल हे वाराच ठरवतो. वारा पडल्यावरही क्रम चुकवू नये. आधी मेन स्विच बंद. मग वर बघणे, कारण अर्धवट सुटलेला पत्रा दुसऱ्या झोताची वाट पाहत असतो. मग पायांत बूट. कोल्हापुरी चपलेचा अभिमान सर्वांनाच आहे, पण काचेला तो नाही.

चौकटीत अडकलेली काच वरून खाली काढावी. खालचा तुकडा आधी ओढला तर वरचा मनगटावर उतरतो. हातमोजे नसतील तर गोणपाटाची दुहेरी घडी चालते. काढलेले तुकडे पोत्यात घालून पोत्याला गाठ मारावी. "सकाळी बघू" म्हणून ते अंगणात ठेवले तर सकाळी ते अनवाणी पोरांनाच आधी दिसतात.

कुंकवाच्या किंवा हळदीच्या खोलीसाठी एक जादा नियम आहे आणि त्यात विनोद नाही. हवेत बारीक भुकटी तरंगत असताना तिथे वेल्डिंग, ग्राइंडर किंवा काडी चालवू नये. हळद असो वा पीठ, सेंद्रिय भुकटी हवेत दाट मिसळली आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. आधी भुकटी खाली बसू द्यावी, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, मग कारागीर बोलवावा.

शास्त्राधार

"एका खिडकीनं काय होतंय?" असे म्हणणारा एक तात्या प्रत्येक वाड्यात असतो. त्याच्यासाठी खुलासा: वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी फुटली की वारा आत घुसतो, त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तो छताला खालून ढकलू लागतो. त्याच वेळी छतावरून जाणारा वारा पत्र्याला वरून ओढत असतो. ढकलणारा आणि ओढणारा एकाच पक्षाचे निघाले की पत्रा टिकत नाही. म्हणजे झाकायची असते खिडकी, पण वाचवायचे असते छप्पर.

भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. पत्रा उडू नये म्हणून त्यावर चार दगड ठेवण्याच्या प्रथेचा या मानकात उल्लेख नाही. दगडाने पत्रा थांबतो की नाही हा वादाचा मुद्दा. पत्रा गेला तर दगडही बरोबर जातो, याबद्दल दुमत नाही.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत युद्धकाळातली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर स्फोट झाले, तेव्हा कित्येक किलोमीटरवरच्या तावदानांच्या काचा फुटल्या. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी उजेड बाहेर जाऊ नये म्हणून काचांवर कागद डकवले. त्या काळी फुटक्या काचेच्या किरचा अंगावर उडू नयेत, एवढ्यापुरता पट्टीचा हेतू होता. वादळात पट्टी काच फुटणे थांबवत नाही. उलट तुकडे मोठे आणि जड होऊन एकगठ्ठा पडतात. अमेरिकेतले वादळतज्ज्ञ म्हणूनच लोकांना पट्टी मारू नका असे सांगतात. फुली मारायचीच असेल तर कॅलेंडरवर मारावी.

साहित्य आणि त्याची प्रतवारी

उत्तम: प्लाय. अमेरिकन बांधकाम संहितेत या कामासाठी किमान ७/१६ इंच, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर जाडीची फळी सांगितली आहे. आपल्याकडचा १२ मिलिमीटरचा प्लाय त्यात बसतो. मध्यम: पन्हळी पत्रा. तो पन्हळ उभी ठेवून लावावा, म्हणजे पाणी खाली जाते. आडवी ठेवली तर प्रत्येक पन्हळीत एकेक तळे साचते. दोन पत्रे लागले तर वरचा खालच्यावर चढवावा. हे सर्वांना माहीत असते आणि घाईत निम्मे लोक उलटे लावतात. कनिष्ठ: ताडपत्री, मेनकापड, खताची पोती. तातडीचे: जे हाताला लागेल ते. यात जुन्या कपाटाचे दार, पाट, पलंगाची फळी आणि धाकट्याचा कॅरमबोर्ड मोडतात. कॅरमबोर्ड लावताना भोके बाहेरच्या बाजूला येतील की आतल्या, यावर घरात चर्चा होते. ती टाळावी, भोके आरपारच असतात.

साहित्य वादळाआधी आणावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर कोकणात पत्रे, कौले मिळणे मुश्कील झाले. केमकराला कुर्डुवाडी जवळ आहे खरी, पण वादळ झालेल्या संध्याकाळी कुर्डुवाडीच्या हार्डवेअर दुकानापुढे माढा आणि करमाळा हे दोन्ही तालुके एकाच रांगेत उभे असतात.

कृती

खिडकीचे माप घ्यावे. टेप नसेल तर वीत चालेल, पण दोन वेगवेगळ्या माणसांच्या विती घेऊ नयेत. प्लाय भोकापेक्षा चारही बाजूंनी चार-सहा इंच मोठा कापावा आणि बाहेरून लावावा, म्हणजे वारा त्याला भिंतीवर दाबतो. लाकडी चौकट असेल तर खिळ्याऐवजी स्क्रू वापरावा. खिळा वाऱ्याच्या धक्क्याने हळूहळू बाहेर येतो. दगड-मातीच्या भिंतीत खिळा ठोकू नये. तो बसत नाही, भिंत मात्र उतरते.

परदेशी तंत्र असे: आतून खिडकीच्या भोकावर दोन आडव्या बल्ल्या टेकवायच्या, बाहेरून प्लाय धरायचा आणि आरपार लांब बोल्ट घालून आतून नट आवळायचे. चौकटीला एकही छिद्र पडत नाही. तंत्र नामी आहे, पण त्याला ड्रिल लागते, ड्रिलला वीज लागते आणि वीज वळवाच्या पहिल्या गडगडाटाला गेलेली असते. त्यामुळे सुताराकडचे हाताचे गिरमिट आणावे किंवा आपल्या खिडकीचे गज कामाला लावावेत. चोरासाठी बसवलेले हे गज वादळात फार उपयोगी पडतात. प्लायला दोन-दोनच्या जोडीने भोके पाडावीत, बाइंडिंग वायर त्यातून गजाभोवती फिरवावी आणि आतून पकडीने पीळ द्यावा. पीळ तार ताणली जाईपर्यंत द्यावा, तुटेपर्यंत नाही. ही मर्यादा प्रत्येकाला पहिल्या तारेवरच कळते.

दाराचे शास्त्र वेगळे. खिडक्या कितीही झाका, आतून उघडणारे एक दार मोकळे राहिलेच पाहिजे. चारी बाजूंनी ठोकून घेतलेल्या घरात आग लागली तर बाहेर पडायला वाट उरत नाही. तसेच झाकलेल्या खोलीत शेगडी किंवा जनरेटर लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निखळलेले दार चौकटीत उभे करून आतून अडसर घालावा. जुन्या वाड्यांत भिंतीत सरकणारा अडसर बसवलेला असायचा. त्याची खाच प्लास्टरखाली बुजवलेली असल्यास वडीलधाऱ्यांना विचारावे, जागा त्यांना माहीत असते आणि ती कोणी बुजवली हेही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींना अडवण्यासाठी फूट-फूट लांबीचे लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. केममध्ये तितकी गरज नाही.

गाळ्याचे शटर वाऱ्याने फुगून बाजूच्या पट्टीतून निघते. ते निघालेल्या अवस्थेत वर-खाली ओढू नये, पाती वाकतात. आतून मधोमध एक बल्ली तिरकी टेकवावी, कुलपाच्या कड्यांतून साखळी ओवावी आणि शटरवाल्याची वाट पाहावी.

शासकीय बाजू

आता खरा पेच. घरातले म्हणतात, "लगेच झाका." शेजारी म्हणतात, "पंचनामा होईस्तोवर हात लावू नका." पंचनाम्याला यायचे ते तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. नाव लांबले, पण त्यांच्याकडची गावे तेवढीच आहेत आणि वादळ सगळ्याच गावांत झालेले असते. तोवर खिडकी पुराव्यादाखल उघडी ठेवणारे कुटुंब पुढचा पाऊस घरात घेते.

मदतीचे दर आधी पाहून घ्यावेत, म्हणजे झोप लागते. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के. इथे खिडकीचा प्रश्न गणिताचा होतो. एक खिडकी म्हणजे घराचे किती टक्के? बहुतेक घरांत उत्तर १५ च्या खालीच येते. खिडकीसोबत दार, दारासोबत अर्धी भिंत आणि वरचे दोन पत्रे गेले, तर कुठे अर्जाला धार येते. यासाठी उरलेली भिंत मुद्दाम पाडण्याचा सल्ला देणारे हितचिंतक भेटतील. त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

निर्णय असा: आधी मोबाइलने फोटो काढावेत. एक आतून, एक बाहेरून, एक लांबून, ज्यात शेजारचे घर दिसेल. तारीख-वेळ नोंदली जाईल असे. मोडलेली चौकट, वाकलेला पत्रा, फुटकी बिजागरी फेकू नये, कोपऱ्यात रचून ठेवावी. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मग खिडकी बिनदिक्कत झाकावी.

फ्लेक्स प्रकरण

या सगळ्या शास्त्रावर मात करणारे एक साहित्य प्रतवारीत मुद्दाम घेतलेले नाही, कारण त्याला स्वतंत्र प्रकरण लागते. जुना फ्लेक्स. वाढदिवस झाला की तो फुकट मिळतो. तो विणलेल्या पॉलिस्टरवर पीव्हीसीचा लेप दिलेला असतो, म्हणून पाणी आत सोडत नाही. दहा बाय आठच्या एका फलकात घराच्या दोन खिडक्या आणि गोठ्याचे एक दार निघते. त्याची एकच अडचण: नेत्याचा चेहरा आत ठेवायचा की बाहेर. बाहेर ठेवला तर घर कोणाच्या गटाचे ते ठरून जाते. आत ठेवला तर जेवताना समोर हात जोडून उभे असलेले भावी जिल्हा परिषद सदस्य दिसतात. चेहरा अर्धा दुमडून लावला तर दोन्ही गट नाराज होतात.

फ्लेक्स वारा थोपवत नाही, हे मात्र स्पष्ट नोंदवले पाहिजे. तो पाऊस आणि धूळ अडवतो, तीही कडा नीट ओढल्या तर. सुतळी थेट फ्लेक्सला भोक पाडून बांधली की पहिल्या झोताला भोकाची चीर होते आणि चिरेतून निम्मा फलक शेजाऱ्याच्या माळवदावर जाऊन पडतो. कड दोनदा दुमडून, त्यात काठी घालून, काठीला सुतळी बांधावी. झाकलेल्या खोलीत दोन दिवसांनी हवा खेळती ठेवावी, नाहीतर कुंकू दमट होऊन गोळे धरते. प्लाय महिनाभर, ताडपत्री पंधरवडा, फ्लेक्स फार तर आठवडा, यापेक्षा जास्त मुदत देऊ नये. केममध्ये मात्र या मुदती दिवाळीपर्यंत आपोआप वाढतात.

तरी सर्व पक्षांच्या, गटांच्या आणि मित्रमंडळांच्या भावी उमेदवारांना नम्र विनंती: येत्या वाढदिवसापासून फ्लेक्सच्या चारही कडांना फूटभर अंतरावर लोखंडी रिंगा मारून द्याव्यात आणि फोटो मधोमध न छापता एका बाजूला छापावा. मतदार खिडकीत लावतील.