ल्योंकर काका

साताऱ्याचे ते सातारकर, मिरजेचे ते मिरजकर. तसे बंगळुरूजवळच्या होसकोट्यातल्या आमच्या सोसायटीत एक ल्योंकर काका आहेत. मूळचे साताऱ्याचेच, पण ते आता आधार कार्डापुरतं. इथल्या व्होल्व्होच्या कारखान्यात नोकरी आणि त्याच समूहातल्या रेनॉ ट्रक्सचं मुख्य ठाणं फ्रान्समधल्या ल्योंला, त्यामुळे तिथं तीन वर्षं काढून आले. परतून आठ वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यातलं विमान अजून उतरलेलं नाही.

एक बरं, ते आयफेल टॉवरचं नावही काढत नाहीत. तो पर्यटकांचा. राहिलेला माणूस छताकडे बघतो. कुणाच्याही वास्तुशांतीला गेले की काकांची मान वर. "साडेनऊ फूट? आमच्या क्रुआ-रूसला तेरा!" क्रुआ-रूस ही ल्योंमधली रेशीम विणणाऱ्यांची टेकडी. जकारचे उंच माग घरातच उभे करायचे म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथली छतं चार-चार मीटरवर नेली. एकदा यजमानांनी अगदी नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही तिथं माग टाकला होता का?"

त्याच शहरात एका इमारतीच्या पोटातून शिरून पलीकडच्या गल्लीत निघणारे बोळ आहेत. त्यांना म्हणतात त्राबूल. रेशमाचे तागे पावसात न भिजता न्यायला ते सोयीचे, आणि दुसऱ्या महायुद्धात भूमिगतांनी जर्मनांना गुंगारा दिला तोही तिथूनच. आमच्या बी विंगच्या जनरेटरमागून ए विंगच्या पार्किंगमध्ये निघता येतं, हा काकांचा शोध. वॉचमन रोज शिटी मारतो, काका रोज त्याला महायुद्ध सांगतात.

शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळुरूबरोबर होसकोटेही होतं, हे आमच्या मराठी मंडळात नव्या माणसाला चहाआधी सांगितलं जातं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ल्यों रोमनांनी वसवलं. इसवी सनापूर्वी ४३." मंडळाचा चहा तेवढ्यात गार झाला.

अय्यंगार बेकरीत शिरताना ते "बोंजूर" म्हणतात, कारण तिकडं दुकानात पाऊल टाकून नमस्कार-चमत्कार न करता थेट माल मागणं म्हणजे उद्धटपणा. बेकरीवाला कानडीत विचारतो, "ऊटा आयता, सार?" म्हणजे जेवण झालं का. दोघांचंही समाधान होतं. मग काका त्याला १९९३चा फ्रेंच सरकारचा हुकूम ऐकवतात: परंपरेचं नाव लावायचं तर पावाच्या पिठात भलती भेसळ चालणार नाही आणि गोळा गोठवूनही ठेवायचा नाही. बेकरीवाला मनापासून मान डोलावतो आणि दोन खारा बन बांधून देतो.

पण काकांची खरी जात कळते ती गैरसोयीत. पुण्यात दुपारी १ ते ४ दुकान बंद दिसलं की "माज आहे!" म्हणणारा हा माणूस. ल्योंत रविवारी दुकानांना कुलूप आणि ऑगस्टमध्ये निम्मं शहर सुट्टीवर, ही मात्र "जगण्याची रीत". इथं बस चुकली तर अनागोंदी. तिथं संपामुळे मेट्रो बंद पडली तर नागरिक जागरूक! मला विचाराल तर त्यांचं चूक नाही. परदेशातली गैरसोय माणसाने युरोत भाडं भरून सोसलेली असते, ती फुकट कशी घालवायची?

८ डिसेंबरला ते गॅलरीत पणत्या लावतात. १८५२ साली याच तारखेला ल्योंकरांनी मेरीमातेसाठी खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्या, ती प्रथा. गेल्या खेपेला समोरच्या कानडी मावशींना तो कार्तिकातला दीपोत्सव वाटला आणि त्या कोसंबरीची वाटी घेऊन आल्या. काकांनी मेरीमाता पुढच्या वर्षावर ढकलली आणि वाटी घेतली.

परवा मंडळात काका तिथल्या निवांत, बंद रविवारचं वर्णन करत होते. काकू इतका वेळ भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तीन वर्षं दर रविवारी हे खिडकीत उभं राहून म्हणायचे, मेलं काही म्हणजे काही उघडं नाही. आमच्या होसकोट्याला पहाटे चारला मटण बिर्याणी मिळते."

सगळे काकांकडे बघायला लागले.

"चारला संपत येते," काका म्हणाले. "रांगेत साडेतीनला लागायचं असतं."