सांधा शोधून दाखवा

कोकणातल्या प्रत्येक गावात हल्ली असा एक तरी काका सापडतो. मुंबईत बँकेत पस्तीस वर्षं काढलेला, दहा पैशांचा फरक लागेपर्यंत शाखेतल्या कुणाला घरी न सोडणारा, आणि निवृत्तीनंतर गावचं कौलारू घर 'होतं तस्सं' उभं करायला आलेला. आमचे काका कुडाळच्या बाजूचे. घराचं सगळं मार्गी लागलं, अडलं ते पडवीच्या झालरीवर.

झालर म्हणजे कौलांच्या कडेखाली आडवी ठोकलेली नक्षीची फळी. पडवी 30 फूट, सागाच्या फळ्या मिळाल्या 12 फुटी. दोन सांधे येणार हे दुसरीतल्या पोरालाही कळेल. काकांना एकही नको होता.

"अखंड दिसली पाहिजे, मेस्त्री!"

"काका, झाडाक इचारलात काय?" मेस्त्री म्हणाले.

मेस्त्री जाणते. त्यांनी फळ्यांची टोकं सरळ न भिडवता 45 अंशांत तिरकी कापून एकावर एक चढवली, वरच्या टोकाची पाठ नैऋत्येच्या वाऱ्याकडे केली, आणि कापलेल्या भागाला आतूनही रंग पाजला; लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते टोकांतून. दोन्ही सांधे बरोबर खांबांच्या डोक्यावर आणले. काम इथेच संपलं होतं.

पण काकांनी बोथट सुरी हातात घेतली. आपल्याकडे फळीची लांबी कमी पडली की सांधा येतो आणि त्या सांध्यात भरतात तीही लांबीच. काकांनी आधी भुसा आणि पांढरा डिंक भरून पाहिला. मग तो खरवडून खडूची पूड आणि जवसाचं तेल मळलं. मग पॉलिश पेपर: 80 नंबर, 120 नंबर, 220 नंबर. दिवसा सांधा दिसेनासा झाला, तेव्हा रात्री बाजूने बॅटरी मारून पाहिलं. दिसला! खतावणीतला फरक सापडावा तसा आनंद झाला त्यांना. पुन्हा 80 नंबर. तेवढ्या दिवसांत काकूंची आंबोशी वाळून बरणीत गेली.

तोवर गावात कुणी त्या झालरीकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. आता पाहुण्याला पाणी मिळण्याआधी प्रश्न येऊ लागला, "सांधा शोधून दाखवा." पोस्टमनने शोधला. गॅसवाल्याने खांद्यावरचा सिलिंडर न उतरवता शोधला. मलाही तो क्षणात सापडला, कारण सबंध झालरीत तेवढ्याच दोन जागा आरशासारख्या गुळगुळीत होत्या. पण आतून कांदेपोह्यांचा वास येत होता. मी म्हटलं, "नाही बुवा सापडत."

मृग लागला. आषाढ सरेपर्यंत दोन्ही जागी केसाएवढी भेग, तिच्याभोवती रंगाचे पापुद्रे. काकांनी मेस्त्रींना बोलावून घेतलं, जणू सांधा त्यांच्या नावावर होता.

"लाकूड उभां वाढणा नाय, काका. आडवां फुगता. तुमची लांबी खय फुगता?"

मेस्त्रींनी फणसाच्या लाकडाची दोन फुलं कोरून आणली. सांध्यावर बसवताना खिळा एकाच फळीत मारला, दुसरीवर फूल नुसतं टेकवलं. म्हणजे फळ्या फुगोत की आटोत, फूल फाटायचं नाही. अर्ध्या तासाचं काम. पडवी पहिल्यांदा देखणी दिसली आणि सांधे खरोखरच गेले.

काकांना मात्र चैन कसली? गणपतीला गेलो तेव्हा मखराच्या आधी पडवीच दाखवली.

"ही दोन फुलं का लावलीत, ओळखा."

मी ओळखायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, कोन आणि पॉलिश पेपरच्या नंबरांसकट. मोदक निवले.

कुडाळकडे गेलात आणि अशा पडवीत बसायची वेळ आली, तर खाणं संपेपर्यंत मान वर करू नका.