मोशीच्या माळावर राडारोडा ओतणाऱ्या दादांस

प्रति,
डंपरवाले दादा,
मुक्काम मोशीचा माळ, रात्री साडेबारानंतर.

स. न. वि. वि.

आपल्या समाजकार्याची कोणी दखल घेत नाही, म्हणून हौशी ड्रोनवाल्यांच्या वतीने हे जाहीर आभार. सपाट मैदानात ड्रोन कोणीही उतरवतो. फुटक्या फरशा, स्लॅबचे तुकडे आणि अर्धा कमोड यांच्या अधेमधे उतरवायला अक्कल लागते. ती आम्हाला आपल्यामुळे आली.

2021 च्या नियमावलीनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. सरकारी नकाशात हिरवा पट्टा पाहायचा आणि उडवायचा. आकाश कुठं मोकळं आहे, ते नकाशा सांगतो. खाली काल रात्री काय ओतलंय, ते फक्त आपण सांगू शकता.

ड्रोन खाली आला की पंख्यांच्या वाऱ्याने आपली सिमेंटची भुकटी उठते आणि थेट कॅमेऱ्याच्या सांध्यात शिरते. आपल्या मालात वर्कशॉपच्या झाडलोटीतला लोखंडी कीसही असतो. मोटरीत चुंबक असल्याने तो तिथं कायमचा बिऱ्हाड करतो. स्लॅबमधल्या सळ्यांनी होकायंत्र चळतं, ते वेगळंच.

बाजारात घडीचं लँडिंग पॅड मिळतं. पण त्याच्या खुंट्या आपल्या काँक्रीटमध्ये ठोकायच्या कशा? मग आम्ही जुगाडाला लागलो. गोणपाट अंथरलं, तर सुतळी सुटून पात्यांत गुंडाळली. निळी ताडपत्री पसरली, तर ड्रोनच गोंधळला. त्याच्या पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरच्या खाणाखुणा धरून स्थिर राहतो. एकरंगी चकाकीवर त्याला काही सापडत नाही. शेवटी चौकातून उतरवलेला वाढदिवसाचा फ्लेक्स कामी आला. मधोमध भाऊ, भोवती शुभेच्छुकांचे फोटो. इतक्या खाणाखुणा दुसऱ्या कशावर मिळणार? फक्त मोकळा अंथरला की कोपरा उडून पात्यांत जातो. म्हणून आता तो प्लायवुडच्या दोन फळ्यांवर चिकटवलाय. मधे पितळी बिजागऱ्या, म्हणजे घडी करून स्कूटरवर नेता येतो. खाली पीव्हीसी पाइपचे कमी-जास्त लांबीचे पाय, कारण लोखंड होकायंत्राला चालत नाही. पाणसळ ठेवून पातळी जुळवायची की झालं. पॅड वीतभर उंच असल्याने धूळही कमी उडते. ड्रोन अलगद भाऊंच्या नाकावर टेकतो.

आता जरा कामाचं. राडारोडा वेगळा गोळा करून प्रक्रियेला द्यायचा, असा नियम 2016 पासून आहे. महापालिकेचा तसा प्रकल्पही आहे, आणि तो याच मोशीत आहे. म्हणजे आपण गाव बरोबर गाठता, फाटक तेवढं चुकता. तिथं आपल्या मालाचं भरडून पुन्हा बांधकामाचं साहित्य होतं. माळावर त्याचा फक्त ढीग होतो, आणि उद्या दुसरा डंपर त्याच ढिगाकडे बोट दाखवून आपला माल ओततो.

तरीही रस्ता सापडत नसेल, तर एकदा दिवसाउजेडी या. वरून फोटो काढायची सोय आमच्याकडे आहे. येताना नंबरप्लेट तेवढी पुसून आणा. पुढच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत आपल्यालाही घेऊ, डंपरसकट.

आपले ऋणी,
मोशीचे ड्रोनवाले