रॅम किती?

वाकडमध्ये सोसायटी म्हटली की क्लब हाउस, बंद पडलेलं कारंजं आणि एक जावाकाका असतोच. भूमकर चौकापासून कस्पटे वस्तीपर्यंत कुठल्याही गेटातून आत शिरा आणि वॉचमनला विचारा, "कॉम्प्युटरमधलं कोणाला कळतं?" तो सी विंगकडे बोट दाखवेल. खरं तर निम्म्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरवरच पोट असलेली माणसं राहतात. हिंजवडीचा आयटी पार्क शेजारी आला म्हणून तर उसाच्या शेतांत हे टॉवर उभे राहिले. पण बाकीचे घरी आले की कॉम्प्युटरचं नाव काढत नाहीत. काकांचं उलटं आहे. ऑफिसात त्यांना आता कुणी काही विचारत नाही, ती सगळी कसर पार्किंगमध्ये भरून निघते.

वय चाळिशीच्या जरा पुढे. मूळचे अकोल्याचे, पण वाकडला पाणी येत होतं तेव्हापासून इथे. 'काका' म्हटलेलं आवडत नाही. "दादा म्हण रे," असं ते बारावीच्या मुलांनाही सांगतात आणि मुलं "बरं काका" म्हणतात. रविवारचा पोशाख ठरलेला: थ्री-फोर्थ आणि राखाडी टी-शर्ट, पाठीवर कुठल्याशा प्रोजेक्टच्या 'गो-लाइव्ह'चं साल, २०१४. तो प्रोजेक्ट कधीच गुंडाळला गेला. टी-शर्ट अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

त्या रविवारी टँकरची वाट बघत आम्ही चारपाच जण खाली उभे होतो. ए विंगमधले एक गृहस्थ भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी सेटर आहेत. ते संकोचत पुढे आले.

"साहेब, पोरगं बीसीएला आहे. यंदा जावा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर काय टाकून द्यायचं?"

काकांनी डोळे मिटले. "रॅम किती?"

"चार जीबी म्हणतो. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेला घेतलेला डबा आहे. आय-थ्री. जुनी हार्ड डिस्क..."

"ते असू द्या. युज केस काय?"

या प्रश्नाला भल्याभल्यांना उत्तर सुचत नाही. सेटरसाहेब नम्रपणे म्हणाले, "पास व्हायचंय."

रॅम किती हे काका आवर्जून विचारतात, फक्त उत्तर ऐकायला थांबत नाहीत. आयडीई, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, कोणता घ्यावा, असा प्रश्न आला की ते स्वतःचं आत्मचरित्र सांगू लागतात. त्याचे चार खंड आहेत.

पहिला खंड कॉलेजचा, म्हणजे नेटबीन्सचा. "प्रागच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये प्रोजेक्ट म्हणून केला होता तो. १९९९ मध्ये सनने विकत घेतला. आणि आमचे फायनल इयरचे प्रोजेक्ट बघा! लायब्ररी मॅनेजमेंट!" दुसरा खंड ट्रेनी असतानाचा. "एक्लिप्स! २००१ मध्ये आयबीएमने फुकट खुला केला म्हणून आम्ही जगलो. सकाळी वर्कस्पेस बिल्डला लावायचं आणि खाली चहाला जायचं. सगळ्या ओळखी त्या चहावर झाल्या." तिसरा खंड ऑनसाइटचा, आणि तो उभं राहूनच सांगायचा असतो. "इंटेलिजे. क्लायंटने लायसन्स दिलं होतं. माझ्या नावावर." तोही प्रागच्याच मंडळींचा, २००१ चा, २००९ पासून त्याची फुकट आवृत्तीही मिळते. पण फुकटचा उल्लेख काका करत नाहीत, त्याने लायसन्सचं तेज कमी होतं. चौथा खंड टीम लीड झाल्यानंतरचा: व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टचा, २०१५ चा. "आता मी सगळं यातच बघतो." 'बघतो' हे क्रियापद अचूक आहे.

"मग आमच्या पोरानं काय टाकायचं?" सेटरसाहेबांनी मूळ मुद्दा पुन्हा काढला.

"चारही टाकू दे," काका म्हणाले. "एक्स्प्लोअर केलं पाहिजे. फक्त ब्लूजे नको. ते शाळेतल्या पोराटोरांचं आहे."

पोरगा आज्ञाधारक. त्याने तीन दिवसांत चारही टाकले. त्यापुढचं मला माहीत आहे, कारण त्यांच्या खिडकीतला तो सीपीयूचा लाल दिवा आमच्या बाल्कनीतून दिसतो. एरवी तो अधूनमधून लुकलुकायचा. आता तो स्थिर झाला.

यात दोष त्या चौघांचा नाही. आयडीई म्हणजे नुसती लिहायची पाटी नसते. तुम्ही लिहिता लिहिता तो चूक लाल रेघेने दाखवतो, अर्धं नाव टाइप केलं की उरलेलं पुरवतो, एका बटणावर प्रोग्रॅम चालवतो. हे जमावं म्हणून तो तुमची प्रत्येक फाइल आणि जावाची अवाढव्य लायब्ररी आधी वाचून, तिची सूची करून, डोक्यात ठेवतो. हे डोकं म्हणजे तुमची रॅम. त्यातून नेटबीन्स, एक्लिप्स आणि इंटेलिजे हे तिघे मुख्यतः जावातच लिहिलेले, तेव्हा 'हॅलो वर्ल्ड' चालण्याआधीच पडद्यामागे एक जावा चालू झालेला असतो. चार जीबीतला मोठा घास विंडोजच घेतं. उरलेल्यात ब्राउझर उघडून त्यात 'जावा इन वन व्हिडिओ' लावला की रॅम संपते, आणि तिथं मावेना ते विंडोज हार्ड डिस्कवर नेऊन ठेवू लागतं. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. ती बिचारी कितीशी पळणार? टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के. पोरगा 'सिस्टिम' हा शब्द पुरा टाइप करून कपाळाला हात लावून बसे, तेव्हा 'सिस्टिम म्हणायचंय का?' अशी सूचना उगवे. त्याची आई म्हणाली, "एवढा वेळ लागणारच असेल, तर मशीन लावून घेते."

पुढच्या रविवारी अपील दाखल झालं. पोरगा स्वतःच आला होता.

"काका, इंटेलिजेवाले स्वतःच ८ जीबी रॅम सुचवतात."

"ते कंपन्या कमीच सांगतात. तू सोळा घे. आणि मी व्हीएस कोड म्हटलं होतं ना? लाइटवेट!"

"तो नुसता हलका आहे काका. पण जावासाठी त्यात रेड हॅटचं एक्स्टेन्शन घालावं लागतं, आणि त्याच्या आत एक्लिप्सचंच इंजिन चालतं. मी टास्क मॅनेजरमध्ये बघितलं, पुन्हा जावाच उभा आहे."

असा मुद्दा निघाला तर साधा माणूस गप्प होईल. काका खूश झाले. "तेच तर! हे तुझं तुला सापडावं म्हणून मी बोललो नव्हतो."

इतका वेळ टँकरच्या पाइपाकडे बघत असलेले सेटरसाहेब वळले. "साहेब, मला तुमच्यातलं कळत नाही. पण आमच्याकडे दोन भोकांच्या ब्रॅकेटसाठी कुणी व्हीएमसीसारखं मोठं मशीन लावत नाही. ड्रिल मशीनवर मारतात भोकं आणि मोकळे होतात." मग पोराला म्हणाले, "तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये काय आहे रे? परीक्षा कशावर घेणार?"

"उबुंटू आहे. जीएडिटमध्ये लिहायचं आणि टर्मिनलवर चालवायचं. आयडीई नाहीच."

पार्किंगमध्ये फक्त टँकरच्या मोटरचा आवाज राहिला. हा प्रश्न आठ दिवसांत कुणी विचारला नव्हता. तो विचारायला जावा यायची गरजही नव्हती.

काकांनी मात्र दोन सेकंदांत सूत्रं हाती घेतली. "मी पहिल्यापासून हेच म्हणतोय! फंडामेंटल्स! आयडीईने पोरं बिघडतात. हाताने टाइप कर, जावासीने कंपाइल कर, एरर वाच." पाठीवरच्या २०१४ ला स्मरून ते पुढे म्हणाले, "आमच्या वेळी असंच होतं." आमच्या वेळी वर्कस्पेस बिल्डला लावून चहाला जायचं होतं, याची आठवण कुणी दिली नाही. टँकरची रांग मोडायची कुणाला इच्छा नव्हती.

तेव्हापासून त्या पोराचं बरं चाललं आहे. साध्या एडिटरमध्ये लिहितो, काळ्या खिडकीत चालवतो. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून एका फाइलचा प्रोग्रॅम वेगळा कंपाइल न करता थेट 'जावा' आणि फाइलचं नाव एवढ्यावर चालतो, हेही त्याने शोधून काढलं. वडिलांनी बोनसमधून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली, रॅमची आणखी एक चार जीबीची पट्टी टाकली. आता मोठा प्रोजेक्ट असला की तो एक्लिप्सही उघडतो आणि तो निमूट उघडतो. "एसएसडी मी सुचवली," असं काका लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतात. सेटरसाहेब मान डोलावतात. एवढ्यातेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही.

काकांचा स्वतःचा लॅपटॉप कंपनीचा आहे, ३२ जीबीचा. त्यावर चौथ्या खंडापर्यंतची सगळी सामग्री आहे आणि रोज उघडतं ते मेल, एक्सेल आणि पीपीटी. जावाची शेवटची ओळ त्यांनी लिहिली तेव्हा जावा ८ नवीन होतं.

परवा सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब विचारायला त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगी नववीत आहे, आयसीएसईच्या शाळेत, तिथे आता जावा शिकवतात. ती डायनिंग टेबलावर घरातला जुना लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, "बाबा, जरा बघा ना. एरर येतेय, कळत नाही कशाने."

काका उठले नाहीत. "आधी सांग, आयडीई कोणता आहे?"

"ब्लूजे. शाळेत तोच आहे."

"तरीच!" ते म्हणाले आणि प्रसन्न चेहऱ्याने उठून त्यांनी तिच्या लॅपटॉपवर दुसरा आयडीई डाउनलोडला लावला. मला म्हणाले, "बेसिकच चुकतं हो शाळांचं." मेंटेनन्सचा हिशेब बाजूला राहिला, मला पहिला खंड सुरू झाला. प्राग येईपर्यंत डाउनलोड तीस टक्क्यांवर होतं. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "राहू दे बाबा, चाललं. सेमिकोलन राहिला होता."

"असू दे, असू दे," काका म्हणाले, "आता बघ कसा पळतो ते. रॅम किती आहे गं याला?"