पाटलोण चर्च

तमिळनाडूत वडक्कनकुळम नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथलिकांनी १८७२ साली जे चर्च बांधलं, त्याचा नकाशा बहुधा एखाद्या शिंप्याने काढला असावा. दोन लांब दालनं म्हणजे दोन पाय, आणि कमरेपाशी ते जुळतात तिथे वेदी. एका पायात वरच्या जातीचे पिळ्ळै-मुदलियार, दुसऱ्यात खालचे मानलेले शाणार, मधे भिंत. पाद्रीबाबांना दोन्ही बाजू दिसायच्या, बाजूंना एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. मिस्सा एकच, ख्रिस्तही एकच, विटाळ मात्र जागच्या जागी. अशा चर्चला पाटलोण नाही तर काय म्हणणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत पाडली गेली. पिळ्ळै मंडळी थेट मद्रास हायकोर्टात गेली: आमची भिंत आम्हाला परत द्या! कोर्टाने दावा फेटाळला. येशूच्या घरात शिवाशिव चालणार नाही, हे ख्रिस्ती भाविकांना कोर्टाकडून ऐकावं लागलं.

सगळं गावकऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. १६२३ साली खुद्द पोपनी मदुरैकडच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवं आणि शेंडी ठेवायची मुभा दिली. खालच्यांना तुच्छ लेखू नका, असा उपदेशही सोबत होता म्हणा. जानवं टिकलं. उपदेशाचं काय झालं ते वडक्कनकुळमच्या गवंड्यांना विचारा.

वेदीपासून लांब बसवलेल्यांनी मग आपलीच थिऑलॉजी लिहायला घेतली. त्यातलं एक मोठं नाव आपल्या महाराष्ट्रातलं, पण आपल्याकडे ते कुणाच्या तोंडी नाही: अरविंद निर्मळ. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि ‘शूद्र थिऑलॉजी’ मांडली. तीच पुढे दलित थिऑलॉजी म्हणून ओळखली गेली. बायबलातला इस्राएली माणूस देवापुढे उभा राहून सांगतो की माझा पूर्वज भटका अरामी होता. निर्मळ म्हणाले, माझ्या पूर्वजाला भटकायची तरी मोकळीक कुठे होती? त्याच्या कमरेला पावलं पुसायला झाडाची फांदी, गळ्यात थुंकायला मडकं. हे दोन दागिने कुठले, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आणि मग त्यांनी खरा बॉम्ब टाकला. देव सेवक आहे असं जर म्हणता, तर सेवा कोण करतं ते बघा की! हॉटेलात पाणी आणून देणारा, कपडे धुणारा, मैला उचलणारा. देव तो. बिशपसाहेबही ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात, व्यवस्थित, कोमट पाण्याने, फोटोसकट. उरलेले ३६४ दिवस ते काम ज्यांच्याकडे, त्यांच्यात देव शोधायचा म्हटलं की मात्र चर्चच्या कमिटीत घसे खाकरले जातात.

२०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी एका धोरणपत्रात कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाखांहून अधिक दलित, हा आकडाही त्यातच. म्हणजे घर ज्यांचं, तेच ओसरीवर! २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. अभिनंदन, घाई कशाचीच नव्हती.

आता सरकारची बाजू. अनुसूचित जातींबद्दलचा १९५० चा आदेश आधी जवळजवळ हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती बाहेरच, कारण काय, तर तुमच्या धर्मात जात नसतेच. चर्च म्हणतं तुम्ही खालचे, सरकार म्हणतं छे हो, सगळे सारखेच! फसवायचं तर दोघांनी मिळून एकच काहीतरी ठरवावं की. आणि जात नसतेच म्हणता? तिरुचिरापल्लीत मेलपुदूरला कॅथलिकांची दफनभूमी आहे. तिथे मेलेल्या दलितांच्या आणि मेलेल्या सवर्णांच्या मधे भिंत घातलेली होती. अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या अर्जाला पुरावा लागत असेल, तर तिचा फोटो जोडा, साहेब. साक्षांकित प्रत पाद्रीबाबा देतील.