नवे ते नको : होमस्टेवाल्यांसाठी संगणकाचा पहिला धडा

साहित्य : एक लॅपटॉप, एक बिलाचा प्रिंटर, एक इन्व्हर्टर. महत्त्वाकांक्षा अजिबात नको.

प्रथम उबुंटू या संगणकप्रणालीचे वेळापत्रक भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावावे. नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिलात आणि ऑक्टोबरात निघते; म्हणजे तारकर्लीत मे महिन्याची किंवा दिवाळीची गर्दी तोंडावर आलेली असतानाच. ती काढणाऱ्या लंडनच्या कंपनीला हे कोणी कळवलेले दिसत नाही. मधल्या आवृत्त्यांची देखभाल जेमतेम ९ महिने. ऑक्टोबर २०२४ ची २४.१० हौसेने बसवणाऱ्याला ती २०२५ च्या जुलैत, ऐन पावसात, वीज आणि रेंज आळीपाळीने जात असताना बदलावी लागली. सम वर्षाच्या एप्रिलात निघते ती एलटीएस, म्हणजे लाँग-टर्म सपोर्टवाली. तिची देखभाल ५ वर्षे. तीच धरावी.

मात्र तीही लगेच घेऊ नये. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठली तरी जुने मच्छीमार नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. एलटीएसचाही नारळ ऑगस्टातच फुटतो : एप्रिलपासून सापडलेले दोष काढून तिची ‘.१’ येते, आणि तोवर जुन्या एलटीएसवाल्याला संगणक ‘नवी घेता का’ म्हणून विचारतसुद्धा नाही. २०२२ मध्ये तर २२.०४.१ नेमकी ११ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्याच दिवशी आली. २४.०४.१ मात्र रखडली. २९ ऑगस्ट २०२४ ला निघाली तेव्हा पौर्णिमा होऊन दहा दिवस झाले होते. मालवणात कोणाचेही काही अडले नाही.

आता अवघड पायरी. गणपतीला मुंबईहून भाचा येतो, खिशात पेन ड्राइव्ह. “मामा, अजून हेच वापरतोस?” यावर वाद घालू नये. “प्रिंटर चलता मां? मगे गप रव,” एवढेच म्हणावे आणि त्याला मोदकांसाठी नारळ खवायला बसवावे. तो आरतीला गेला की ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून नव्या आवृत्तीची सूचना फक्त लाँग-टर्म सपोर्टपुरतीच राहिली आहे ना, हे गुपचूप पाहून घ्यावे. भाचे हात लावून जातात.

अधूनमधून येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या मात्र चुकवू नयेत. त्यांनी पडद्यावरचे बटण इकडचे तिकडे होत नाही, फक्त भोके बुजतात. एलटीएस म्हणजे अपडेटच बंद, असे समजणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग घ्यावा लागेल. त्यात पहिल्या बाकावर विंडोज १० वर अजून बिले फाडणाऱ्यांनी बसावे. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.